कुंदा, भांडण अजून मिटलेलं नाही

कुंदा,

शाळा उघडल्यावर, परवा तुझी शोकसभा झाली आणि मी तिथं भांडून आले. सगळ्यात आधी तुला हेच ऐकायला आवडेल, म्हणून इथूनच सुरुवात करते.

घाटंजीला, आपल्या नेहमीच्या प्रशिक्षणाच्या हॉलमध्येच सभा ठेवली होती. टेबलावर तुझा फोटो होता. कोणाच्या तरी लग्नातला, आजूबाजूची माणसं कापून मोठा केलेला, डोक्यात गजरा. गजऱ्यातली कुंदा मला ओळखूच येईना. तालुक्यातले बरेच शिक्षक आले होते. गटशिक्षणाधिकारी साहेब बोलायला उठले. म्हणाले, "कुंदाताईंचा स्वभाव अत्यंत शांत आणि मनमिळाऊ होता. दिलेलं काम त्यांनी निमूटपणे केलं. कधी कोणाकडे तक्रार केली नाही."

मी उभी राहिले. आपण उभ्या आहोत हे मला उभं राहिल्यावरच कळलं.

"साहेब, माफ करा, पण तुम्ही दुसऱ्याच कोण्या बाईबद्दल बोलून राह्यले."

हॉलमधली सगळी डोकी माझ्याकडं वळली.

"कुंदा शांत नव्हती. तिनं तुमच्याकडं इतक्या तक्रारी केल्या की तुम्ही तिचा फोन उचलणं सोडलं होतं. याच हॉलमध्ये तिनं तुम्हाला गप बसवलं होतं, अन् तेही तोंडानं नाही, हातानं. तिची आठवण काढायची तर खरी काढा. नाहीतर राहू द्या."

मागून कोणीतरी मोठ्यानं हसलं. भोयर सर. शोकसभेत हसले, कुंदा, आणि हसता हसता रुमालात तोंड खुपसून रडायला लागले. साहेबांनी घाईघाईनं दोन मिनिटांचं मौन जाहीर केलं. मी मौन पाळलं नाही. बाहेर येऊन नळावर तोंड धुतलं आणि घरी निघून आले.

माणूस गेलं की लोक त्याला घासूनपुसून गुळगुळीत करतात. तुला मी तसं होऊ देणार नाही. आणि मी स्वतःही तसं करणार नाही. तू गेलीस म्हणून तुझं सगळंच बरोबर होतं, असं माझ्या तोंडून निघायचं नाही. आपलं भांडण जिथं थांबलं, तिथून पुढं चालू आहे.

तू पहिल्यापासून अशीच. यवतमाळला डी.एड.च्या होस्टेलवर आपण एका खोलीत होतो. मेसच्या वरणात डाळ शोधावी लागायची. आम्ही सगळ्या आपसात कुरकुरायचो. तू एक दिवस वरणाची वाटी झाकून, सगळ्यांच्या देखत रेक्टरबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवलीस आणि म्हणालीस, "बाई, आज तुम्ही हे जेवा, मी तुमचं जेवते." मी पांघरुणात तोंड लपवून म्हटलं, "कुंदे, तुले काढून टाकतील वं." तू म्हणालीस, "काढू दे. पोटभर जेवून तं जाईन."

पुढं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले. तू विशेष शिक्षिका झालीस, कंत्राटी. ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही, चालता येत नाही, किंवा बाकीच्यांच्या वेगानं वाचता येत नाही अशा पोरांसाठी तालुक्याच्या शाळाशाळांतून स्कूटीवर फिरायचं. आणि आमच्यासारख्या शिक्षकांना, अशा पोरांना वर्गात घेऊन कसं शिकवायचं, त्याचं प्रशिक्षण द्यायचं.

तुझ्या हाताखालचं माझं पहिलं प्रशिक्षण मला जसंच्या तसं आठवतं. आम्ही सगळे सतरंजीवर, चहाची वाट पाहत. वरून आलेल्या पुस्तिकेत लिहिलं होतं, शिक्षकांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधा आणि त्यांना हॉलमध्ये चालवा, म्हणजे अंध मुलाची अडचण त्यांना समजेल. पट्ट्यासुद्धा आल्या होत्या, काळ्या कापडाच्या. तू त्यांचं गाठोडं पायानं बाजूला सारलंस.

"पट्टी बांधून आंधळेपण नाही समजत," तू म्हणालीस. "पट्टी बांधून निस्ती भीती समजते. माह्या लहान्या भावाले दिसत नाही, पण तो भीत नाही. ते राहू द्या. आता प्रत्येकानं आपल्या वर्गातल्या एका पोराचं नाव सांगा, जे बाजूला पडलं. अन् ते पोरगं मागच्या सोमवारी वर्गात काय करून राह्यलं होतं, ते सांगा."

नावं आली. सोमवार काही आला नाही. एक सर म्हणाले, "बसून होता."

"बसून काय करत होता?"

"बसून होता ना मॅडम."

तू चष्मा वर सरकवलास. "पाहा. आपण त्याले शाळेत आणलं, पटावर घेतलं, अन् बसवून ठेवलं. याले शिकवणं नाही म्हणत, याले राखण म्हणतात."

तेव्हा भोयर सर उसळले. "मॅडम, बोलणं सोपं हाय. माह्याकडं चार इयत्ता, मी एकटा. त्यात तो साहिल. वाचताच येत नाही त्याले. त्याच्यापाशी बसलो तं बाकीचे पोट्टे एकमेकाची डोकी फोडतात. मले काय दहा हात हायत?"

मला वाटलं आता तू त्यांना फाडून खाणार. तू त्यांच्यासमोर सतरंजीवर मांडी घालून बसलीस. "नाहीत. मले बी नाहीत. साहिलले काय येते?"

"काहीच नाही."

"काहीतरी येत असन ना बाप्पा."

सर विचारात पडले. "गोष्टी सांगते लय. आजीच्या सगळ्या गोष्टी पाठ हायत त्याले."

"मंग उद्याचा धडा त्याले वाचून दाखवा, अन् वर्गाले त्याले सांगू द्या. लिहिणारे लिहितील, ऐकणारे ऐकतील. वाचणं बी शिकवू त्याले, त्याचा रस्ता काढू. पण तोवर त्याचं तोंड कायले बंद ठेवता?"

पुढच्या बैठकीला भोयर सर दारातूनच ओरडत आले. "मॅडम, पोट्टा बोलला! तास संपला तरी बोलतच होता. आता त्याले गप कसं करायचं तेवढं शिकवा."

तुझ्या प्रशिक्षणातून मी त्या दिवशी घरी गेले तेव्हा, कुंदा, मला बऱ्याच वर्षांनी शाळेत जायची घाई झाली होती. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुझी मान आणखी ताठ झाली असती.

मग पूनम आली.

गावाला लागून असलेल्या कोलामांच्या वस्तीवरची, पोडावरची पूनम दुसरीत माझ्या वर्गात बसली. तिला ऐकू येत नव्हतं, जन्मापासूनच. घरात कोलामी, शाळेत मराठी, आणि तिच्यापर्यंत दोन्हींतलं काहीच पोचत नव्हतं. आईशी चार खुणा व्हायच्या. ये, खा, पाणी आण, झोप. तेवढ्यावर पोरीचं सगळं जग चाललं होतं. कानाची मशीनही लावून पाहिली. डॉक्टर म्हणाले, हिला मशीनचा उपयोग नाही.

मी तुला फोन केला आणि सरळ म्हटलं, हिला यवतमाळच्या कर्णबधिरांच्या निवासी शाळेत टाकू. तू दुसऱ्या दिवशी स्कूटी दामटत आलीस. हेल्मेट काढायच्या आधीच सुरू झालीस.

"सात वर्षांचं लेकरू मायपासून तोडतं का?"

"तिथं तिच्यासारख्या पोरी हायत, कुंदे. हातानं बोलतात. इथं ती कोणाशी बोलते?"

"तं आपण शिकू हातानं बोलाले. तू शीक, मी शिकते, पोट्ट्यायले शिकवू."

"आपण शिकू म्हणजे किती शिकू? दोन-चार शब्द?"

"सुरू तं कर. आधीच मोजाले काहून बसतेस?"

आणि तू खरंच शिकलीस. यवतमाळच्या एका शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या अर्चना मॅडमला तू गाठलंस. अर्चनाला स्वतःला ऐकू येत नाही. तू तिच्याकडून शिकायचीस आणि येऊन मला, माझ्या वर्गाला शिकवायचीस. पोरांनी तर दोन-तीन महिन्यांत आपल्याला मागं टाकलं. ती मैदानात, पंगतीत, परीक्षेतसुद्धा हातानं बोलायला लागली. परीक्षेत हातांनी कॉपी करताना मी वर्गातल्या रोशनला पकडलं, तर तू म्हणालीस, "मार्क दे त्याले. भाषा आली."

पूनमनं आपल्याला नावं ठेवली. म्हणजे खरंच नावं, हातांची. तुझं नाव, दोन बोटांनी चष्मा वर सरकवणं. माझं नाव कपाळावर आठी. मला आवडलं नव्हतं. तू पोट धरून हसली होतीस.

त्याच वर्षी तू अर्चनाला घाटंजीच्या हॉलमध्ये शिक्षकांना शिकवायला आणलंस. आदल्या दिवशी मला म्हणालीस, "उद्या आवाज बंद." सकाळपासून अर्चना हातांनी शिकवत होती. नाव, पाणी, बस, ऊठ, छान, पुन्हा सांग. मग तिनं एक अख्खी गोष्ट सांगितली, हातांनी आणि चेहऱ्यानं. आयुष्यभर बडबडून शिकवणारे आम्ही सगळे गोष्टीत हरवलो. कोणाला ससा दिसला, कोणाला बैल. भोयर सरांनी तोंडानं विचारलं, तर अर्चनानं कानाला बोट लावून हसत मान हलवली. हॉलमध्ये फक्त पंख्याचा आवाज.

तेवढ्यात साहेब आले, फोटो काढणाऱ्याला घेऊन. "हे काय चाललंय? आवाज कुठंय? स्लाइड कुठंय? बॅनर लावला नाही? प्रशिक्षण आहे की तमाशा?"

तू वळलीस. एक बोट ओठांवर ठेवलंस आणि दुसऱ्या हातानं खूण केलीस. बसा. आम्ही ती खूण सकाळीच शिकलो होतो. आधी भोयर सरांचा हात उठला, मग माझा, मग अख्ख्या हॉलनं साहेबांना तीच खूण केली. बसा. आणि साहेब बसले! गोंधळून गेलेल्या माणसासारखे मागच्या खुर्चीवर बसले.

उठून गेले ते रागानंच. पुढच्या प्रशिक्षणाच्या प्रशिक्षकांमध्ये तुझं नाव नव्हतं. त्याच्या पुढच्याही नव्हतं. तुला शाळा फिरायला ठेवलं, शिक्षकांसमोर उभं राहायला बंदी. तू कंत्राटी. एवढ्यावर भागलं म्हणून गप राहा, असं तुला सगळ्यांनी सांगितलं. तुझ्या घरच्यांनीही.

तू माझ्या शाळेच्या पायरीवर येऊन बसलीस. मला वाटलं रडशील. तू म्हणालीस, "त्यायनं हॉल काढून घेतला. शाळा तं तुह्याकडं हाय ना?"

अशी आपली रविवारची शाळा सुरू झाली. मास्तरांची. ना हजेरी, ना प्रमाणपत्र, ना चहाचं बिल. ज्याला यायचं त्यानं यावं, आपला डबा आणावा, आणि अडलेलं पोरगं सोबत नाहीतर डोक्यात घेऊन यावं. पहिल्या रविवारी मोजकीच माणसं होती, त्यात भोयर सर. पुढं खोली पुरेना. एकदा तर महागावकडच्या दोघी बाया एसटी बदलत बदलत आल्या. कापसाच्या दिवसांत, सोयाबीन निघायच्या दिवसांत, माणसं शेताची कामं बाजूला ठेवून यायची. कोणी बोलावलं नव्हतं, कोणी विचारणार नव्हतं. मी अनेक प्रशिक्षणं पाहिली, पण माणसं उशीर झाला म्हणून धावत आलेली मी फक्त तिथंच पाहिली.

आता भांडणावर येते. खऱ्या भांडणावर.

पूनम पाचवीत गेली. आमची शाळा पाचवीपर्यंत. पुढं घाटंजीचं हायस्कूल. एका वर्गात गच्च भरलेली पोरं, तासातासाला बदलणारे मास्तर, त्यातल्या एकालाही हाताची भाषा येत नव्हती. हिवाळ्यात मी तुझ्याकडं लोहाऱ्याला आले होते. आपण अंगणात बसून तुरीचे सोले काढत होतो. मी विषय काढला. म्हटलं, आता तरी तिला यवतमाळला पाठवू.

तू शेंग खाली टाकलीस. "मी हायस्कूलच्या मास्तरांचं प्रशिक्षण घेते."

"तुले घेऊ देत नाहीत."

"रविवारी घेते."

"ते येणार नाहीत, कुंदे. अन् आले तरी शिकाले वर्ष लागन. तोवर पूनम काय करन? बसून राहीन?"

तुझेच शब्द होते. तुला लागले. पण मी थांबले नाही. "अर्चनाले विचार. तिले ऐकू येत नाही, तिले माहीत असन."

अर्चना आली होतीच जेवायला. तिनं हात पुसले आणि सांगितलं, मला सगळं समजलं नाही पण इतकं समजलं की ती म्हणाली, मी घरी होते तेव्हा सगळे माझ्यावर प्रेम करायचे आणि कोणी माझ्याशी बोलायचं नाही. मी बोलायला होस्टेलवर शिकले.

तू तिच्याकडं पाठ केलीस. ऐकू न येणाऱ्या माणसाकडं पाठ फिरवणं म्हणजे काय, हे तूच आम्हाला शिकवलं होतंस. नंतर तू तिची माफी मागितलीस, ते मला अर्चनाकडून कळलं. माझी नाही मागितलीस. नकोच होती.

त्या संध्याकाळी तू मला विजयबद्दल सांगितलंस. तुझ्या लहान्या भावाला अमरावतीच्या अंधशाळेत टाकलं होतं, हे मला माहीत होतं. शिकला, नागपूरला नोकरीला लागला, संसार थाटला, चांगलं चाललं. यात दुःख करण्यासारखं काय, असं मला नेहमी वाटायचं. तू म्हणालीस, "तो सुट्टीत घरी आला की माय त्याले चांगलं ताट द्यायची. पाहुण्यायसाठी ठेवलेलं. त्याले ते हाताले लागायचं, अन् तो काहीच बोलायचा नाही. घरच्या माणसाले कोणी पाहुण्याचं ताट देते का वं, निमे?"

मला उत्तर सुचलं नाही. आजही नाही. पण उत्तर नसणं आणि पटणं यात फरक आहे.

मग तुझं दुखणं निघालं. आधी कावीळ म्हणून औषधं चालली, मग नागपूरला गेल्यावर भलतंच कळलं. मी दवाखान्यात भेटायला आले तेव्हा ठरवून आले होते की पूनमचा विषय काढायचा नाही. तुझा हात हातात घेऊन बसले. हवापाण्याच्या गोष्टी केल्या. तू थोडा वेळ सहन केलंस.

"गप काहून बसलीस?" तू म्हणालीस. "भांड ना. मी मेली का अजून?"

मग भांडलो. तू उशीला टेकून, मी स्टुलावर. तू म्हणालीस, एकदा वेगळं काढलं की आयुष्यभर वेगळंच राहते. मी म्हटलं, सगळ्यांच्या मधात एकटं राहणं, हेही वेगळंच. आवाज चढले. सिस्टर धावत आली आणि मला बाहेर जा म्हणाली. मी दारापर्यंत गेले तेव्हा तू हाक मारलीस, "निमे, ऐक." सिस्टरनं पडदा ओढला.

काय सांगणार होतीस? आता सगळे मला सांगतात, ती मान्यच करणार होती, माणूस शेवटी शांत होतं. मला पटत नाही. तू नवीन मुद्दा काढणार होतीस. माझी खात्री आहे.

तू गेल्याचं मोठ्यांना फोनवर कळलं. पूनमला कोण सांगणार? उन्हाळ्याची सुट्टी होती. मी पोडावर गेले. ती निंबाखाली लहान्या बहिणीची वेणी घालत होती. मला पाहिल्याबरोबर तिनं दोन बोटांनी नसलेला चष्मा वर सरकवला आणि मागं रस्त्याकडं पाहिलं. कुंदामॅडम कुठाय?

आणि मला मरणाची खूण येत नव्हती, कुंदा. एवढं शिकवलंस, पाणी, पाऊस, गणित, राग, लग्न, निवडणूक. हा एक शब्द आपण कधी शिकलोच नाही. मी पलंग दाखवला, सलाइन दाखवलं, डोळे मिटले. तिनं विचारलं, झोपली? मी मान हलवली, नाही. गावाला गेली? नाही. मग ती वेणी अर्धी सोडून खाली वाकली, आणि तळहातानं जमिनीवरची माती हळूहळू थोपटली. तिच्या आजाला असं मातीत ठेवताना तिनं पाहिलं होतं. मान वर करून डोळ्यांनी विचारलं, असं?

तुला आम्ही मातीत ठेवलं नव्हतं. पण मी हो म्हटलं.

ती रडली नाही. तिनं माझ्या दंडावर जोरात फटका मारला. तिचे हात इतके भरभर चालले की मला दोनदा पुन्हा सांग म्हणावं लागलं. ती विचारत होती, सगळे गेले होते? तू गेली होतीस? मग मला काहून नेलं नाही?

मी तिच्यापाशी मातीत बसले. तिनं परत एकदा फटका मारला, हलका, आणि मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं.

शाळा उघडायच्या आधी मी पूनमला, तिच्या आईला आणि अर्चनाला घेऊन यवतमाळच्या त्या निवासी शाळेत गेले. टाकायला नाही, दाखवायला. पटांगणात पोरी होत्या. पूनम आईचा पदर धरून उभी राहिली. एका पोरीनं येऊन हातानं नाव विचारलं. पूनमनं सांगितलं. त्या पोरीनं काहीतरी चेष्टा केली असावी, कारण पूनमनं तिला ढकललं, आणि दोघी हसल्या. थोड्या वेळानं ती घोळक्याच्या मधोमध होती. हात नुसते उडत होते. चार वर्षं मी तिच्याशी हातानं बोलते, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला तिचं बोलणं समजेना. त्या पटांगणात मागं पडलेली मी होते.

अर्चनानं तिला विचारलं, इथं राहशील की घाटंजीला जाशील? पूनमनं उलट विचारलं, सुट्टीत घरी येऊ देतात का? शिकून झाल्यावर परत गावात येता येतं का? इथं कोणी थांबवत तर नाही? सगळी उत्तरं पाहिली आणि म्हणाली, इथं.

मी जिंकले, कुंदा. आणि ज्या बाईशी भांडून जिंकायचं, ती बाईच जागेवर नाही. असलं जिंकणं मला नको होतं. तुझा हा डाव मला मान्य नाही.

तिथल्या बाई अर्चनाला विचारत होत्या, हिला इतकं बोलता कसं येतं? खेड्यातल्या बऱ्याच पोरी येतात तेव्हा चार खुणांच्या पुढं काही नसतं. हिनं तर आम्हालाच प्रश्न विचारले. अर्चनानं दोन बोटांनी चष्मा वर सरकवला. त्यांना काही कळलं नाही. मला कळलं. पूनमला निवडता आलं, कारण निवडायला लागणारे शब्द तिला तू दिले होतेस. सातव्या वर्षी माझं ऐकून पाठवली असती, तर गावातली एकही मैत्रीण तिच्याशी बोलू शकली नसती, आणि परत गावात येता येतं का, असं तिनं विचारलंच नसतं. एवढं मी मान्य करते. एवढंच. याच्या पुढं एक इंच नाही.

परत येताना एसटीत पूनमची आई खिडकीला डोकं टेकून बसली होती. घाटंजी जवळ आल्यावर म्हणाली, "बाई, तो रविवारचा वर्ग आता बंद होईन का? कुंदाबाई तं नाहीत."

"काहून?"

"मले शिकाचं होतं. पोरगी तिथून लय काही शिकून येईन. माह्याशी काय बोलन मंग? ये, खा, झोप? मले तिच्या मागं नाही राह्याचं."

चार वर्षं आपण मास्तरांना शिकवलं, पोरांना शिकवलं. भांडलो आईच्याच नावानं, तू तर विशेष. तिला मात्र आपण वर्गात बोलावलं नव्हतं. तिनं स्वतःच सांगितलं, मला बसायचं आहे.

या रविवारी वर्ग भरला. साहेबांच्या कार्यालयातून शनिवारीच निरोप आला होता, शाळेची इमारत सुट्टीच्या दिवशी वापरायची नाही. मी निरोप आणणाऱ्याला पाणी दिलं आणि म्हटलं, साहेबांना सांगा, शाळेसमोरच्या निंबाच्या झाडाला सुट्टी नसते. सतरंज्या बाहेर टाकल्या, फळा खोडाला टेकवला. भोयर सर आले, हायस्कूलचे दोन मास्तर आले. हो, हायस्कूलचे. ते येणार नाहीत असं मी म्हटलं होतं, ते चुकलं. पूनमची आई आली, सोबत पोडावरच्या आणखी दोघी. फळ्यासमोर कोणीच नव्हतं. सगळे माझ्याकडं पाहत होते. मी उठले.

दुपारी होस्टेलवरून व्हिडिओ कॉल येणार होता. पूनमच्या आईनं सकाळपासून मला दोनच वाक्यं पुन्हा पुन्हा विचारून पाठ केली होती. भोयर सरांच्या फोनवर पूनम दिसली. आईनं पदर कमरेला खोचला, दोन्ही हात वर घेतले आणि सावकाश, एकेक शब्द मांडत विचारलं, जेवलीस का? काय जेवलीस?

पडद्यावर पूनम थबकली. तिच्या आईनं आजवर तिला 'खा' म्हटलं होतं. 'काय जेवलीस' असं कधी विचारलं नव्हतं. मग तिचे हात सुरू झाले. वरण, भात, भाजी चांगली नव्हती, एक मैत्रीण झाली, तिचं नाव असं. आणि मध्येच थांबून तिनं कपाळावर आठी घालून आईचा हात चुकल्याचं दाखवलं. असं नाही, असं. परत कर.

आईनं परत केलं. सगळ्या वर्गानं तिच्यासोबत केलं.

आता बोल, कुंदा. याच्यावर तुझा मुद्दा काय आहे?